एकट्याचा पुरस्कार, दोघांचा अभिनय : चित्रपट-पुरस्कार आणि होतकरू नटाची दृष्टी

बीजसंज्ञा : चित्रपट-अभिनय, पुरस्कार, सहअभिनय, ऐकणे, पॅरासाइट, श्वास, अस्तु, कोर्ट

प्रस्तावना

महाराष्ट्रात अभिनयाकडे वळणाऱ्या अनेक तरुण-तरुणींची पुरस्काराशी पहिली भेट आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत होते. पुण्यात १९६३ साली सुरू झालेली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा असो, की जिल्ह्याच्या गावी भरणारी एखादी लहान स्पर्धा असो, निकालाच्या दिवशी सांघिक क्रमांकांबरोबर वैयक्तिक अभिनयाची पारितोषिकेही जाहीर होतात. प्रमाणपत्रावर एका विद्यार्थ्याचे नाव असते. त्याच्यासमोर तालमीत महिना-दीड महिना उभा राहिलेला, योग्य वेळी गप्प बसलेला आणि योग्य वेळी मान वळवून पाहणारा दुसरा विद्यार्थी त्या प्रमाणपत्रावर कोठेच नसतो. अभिनय ही एका व्यक्तीच्या मालकीची चीज आहे, ही समजूत होतकरू नटाच्या मनात येथे प्रथम रुजते.

पुढे हाच तरुण चित्रपटाची स्वप्ने पाहू लागतो, तेव्हा दरवर्षी जानेवारी ते मार्च या काळात गोल्डन ग्लोब, बाफ्टा आणि ऑस्कर यांचा हंगाम त्याच्या हातातील मोबाईलवर येऊन पोहोचतो. राष्ट्रीय पुरस्कारांची घोषणा आपल्या गतीने कधीतरी होते. तिचीही चर्चा होते. सामान्य प्रेक्षक 'कोण जिंकणार' असे विचारतो. होतकरू नटाचा प्रश्न अधिक अवघड असतो : या गौरविलेल्या अभिनयातून आपण नेमके काय घ्यावे? प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे. पुरस्काराला एका नटाचे नाव उच्चारावे लागते. पडद्यावरचा चांगला अभिनय मात्र पुष्कळदा दोन नटांच्या दरम्यान घडत असतो. पुरस्काराच्या नजरेने अभिनय पाहण्याची सवय लागलेला नट बोलायला शिकतो आणि ऐकायला विसरतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वर्गवारीचा इतिहास

अभिनयाचे वैयक्तिक पारितोषिक ही गोष्ट आपल्याला स्वयंसिद्ध वाटते. पण भारतात ती बरीच उशिरा आली. १९५३ च्या चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले आणि आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला पहिले सुवर्णपदक मिळाले, हे मराठी वाचकास ठाऊक आहेच. त्या वेळी अभिनयासाठी वेगळा पुरस्कारच नव्हता. तो १९६७ च्या चित्रपटांपासून सुरू झाला आणि उत्तमकुमार व नर्गिस हे त्याचे पहिले मानकरी ठरले. तोवर चित्रपट गौरविला जात होता, नट त्याच्यात सामावलेला होता. सहाय्यक अभिनेता-अभिनेत्रीचे पुरस्कार तर १९८४ च्या चित्रपटांपासूनचे. ऑस्करने नटांचा गौरव १९२९ च्या पहिल्या समारंभापासून केला. सहाय्यक भूमिकांसाठीचा विभाग तेथेही १९३६ च्या चित्रपटांपासून आला.

'सहाय्यक' हा शब्द या सर्व वर्गवारीत सर्वाधिक दिशाभूल करणारा आहे, असे म्हणावे लागेल. 'पार्टी' या चित्रपटासाठी सहाय्यक अभिनेत्रीचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार रोहिणी हट्टंगडी यांना मिळाला. त्याआधी १९८३ मध्ये 'गांधी'तील कस्तुरबांसाठी त्यांना मॉरीन स्टेपलटन यांच्यासह विभागून बाफ्टा पुरस्कार मिळाला होता. त्याच वर्षी ऑस्करमध्ये बेन किंग्सले सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले. 'गांधी'मधील दक्षिण आफ्रिकेच्या आश्रमातील प्रसंग या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. शौचालय साफ करण्यास कस्तुरबा नकार देतात, संतापलेले गांधी त्यांना दाराबाहेर ओढू लागतात आणि मग स्वतःच्याच वर्तनाने खजील होतात. पुतळ्यातले गांधी या प्रसंगात चुकणारा नवरा होतात, ते कस्तुरबांच्या अपमानित पण न झुकणाऱ्या नजरेमुळे. ती नजर नसती तर किंग्सले यांच्या पश्चात्तापाला टेकायला जागाच उरली नसती. येथे कोण कोणाला साहाय्य करतो, हे सांगणे कठीण आहे.

२०१९-२० चा हंगाम

हा प्रश्न स्पष्टपणे समोर आणणारा अलीकडचा हंगाम म्हणजे फेब्रुवारी २०२० मध्ये ऑस्करने संपलेला हंगाम होय. त्या वर्षी 'जोकर'मधील आर्थर फ्लेकच्या भूमिकेसाठी वाकीन फिनिक्स यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. बरगड्या दिसतील इतके उतरवलेले वजन, आवरता न येणारे हसू, एकांतातले नृत्य : पुरस्कारास जे जे दिसते ते ते सर्व या भूमिकेत आहे. भूमिका थोर नाही असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. पण होतकरू नटावर तिचा परिणाम काय होतो? कार्यशाळांतून आणि निवडचाचण्यांतून त्यानंतर विकट हास्य करणारे किती आर्थर फ्लेक अवतरले असतील, याची कल्पना नाट्यशिक्षकांना सहज करता येईल. नक्कल करणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही, की ज्या स्नानगृहातील नृत्याने तो भारावला ते नृत्यही एकट्याचे नव्हते. हिल्दुर गुद्नादोत्तिर यांनी रचलेली चेलोवरील धून चित्रीकरणाच्या जागी वाजवली गेली आणि तिला प्रतिसाद म्हणून फिनिक्स यांचे शरीर हलू लागले, असे दिग्दर्शक टॉड फिलिप्स यांनी सांगितलेले आहे. म्हणजे पडद्यावर एकटा दिसणारा नटही तेथे ऐकतच होता.

त्याच वर्षीच्या 'मॅरेज स्टोरी'मधील भांडणाच्या प्रसंगाचे उदाहरण अधिक बोलके आहे. ॲडम ड्रायव्हर आणि स्कार्लेट जोहान्सन या दोघांनाही त्या चित्रपटासाठी नामांकन मिळाले; पुरस्कार मात्र त्यातील वकिलाच्या भूमिकेसाठी लॉरा डर्न यांना गेला. प्रसंगाची सुरुवात समजुतीच्या बोलण्याने होते. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरील नवरा-बायको 'वकिलांना बाजूला ठेवून आपणच बोलू' या भावनेने एकत्र येतात. आवाज हळूहळू चढतात, जुने हिशेब निघतात, तो भिंतीवर मूठ मारतो, बोलू नये ते बोलून बसतो आणि शेवटी कोसळून रडतो; ती त्याच्याजवळ जाते. प्रसिद्धीला आलेला आणि सर्वत्र फिरलेला तुकडा बहुधा मधल्या आरड्याओरड्याचा असतो. त्याच्या आधीची, एकमेकांचे शब्द सावधपणे झेलण्याची मिनिटे त्या तुकड्यात नसतात. आपल्याकडे जलद लयीचे कौतुक विलंबितावर अवलंबून असते, हे संगीताच्या श्रोत्यास सांगावे लागत नाही. अभिनयाच्या बाबतीत मात्र केवळ द्रुत कापून घेतले जाते आणि तेच शिकवणी म्हणून पाठ केले जाते. नामांकने वाचताना पडद्यावर दाखविल्या जाणाऱ्या काही सेकंदांच्या तुकड्यांनी ही रीत घालून दिली आहे. तो तुकडा निवडणारा शांत क्षण का निवडील?

आणि त्याच वर्षी 'पॅरासाइट' होता. बाँग जून-हो यांच्या या कोरियन चित्रपटास सहा नामांकने मिळाली आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार पुरस्कार मिळाले. त्या सहा नामांकनांत अभिनयाचे एकही नव्हते. ज्या चित्रपटात गाण्यांचा वा दृश्यचमत्कारांचा आधार नाही, ज्याचा सारा डोलारा माणसांच्या वागण्यावर उभा आहे, तो वर्षातील सर्वोत्तम ठरतो आणि त्यातील एकही नट पहिल्या पाचांत बसत नाही, ही विसंगती केवळ भाषेच्या दुराव्याने पूर्ण उलगडत नाही. भाषेचा अडसर होताच. पण त्याहून मोठा अडसर असा, की त्या अभिनयातून एक माणूस वेगळा काढता येत नाही.

होतकरू नटासाठी हा चित्रपट पाठ्यपुस्तकासारखा आहे, कारण त्याचा विषयच अभिनय आहे. एक गरीब कुटुंब श्रीमंतांच्या घरात शिरण्यासाठी निरनिराळ्या भूमिका वठवते. मोलकरणीविरुद्ध संशय निर्माण करण्यासाठी बापाला काही वाक्ये बोलायची असतात. घरी त्यांची तालीम चालते आणि मुलगा दिग्दर्शकाच्या थाटात बापाला भावनेची पातळी थोडी खाली आणण्यास सांगतो. सॉन्ग कांग-हो यांनी येथे 'थोडा वाईट नट' उत्तम साकारला आहे. याच नटाचा सर्वांत मोठा क्षण मात्र निःशब्द आहे. मालक-मालकीण सोफ्यावर पहुडलेले आहेत, नोकर बनून आलेले कुटुंब शेजारच्या मेजाखाली लपलेले आहे आणि मालक आपल्या चालकाच्या अंगाच्या वासाबद्दल बोलत आहे. बाप मुलांच्या देखत ते ऐकतो. त्याला हलता येत नाही, हुंकार देता येत नाही. चेहऱ्यावर जे उमटते ते मालकाच्या संथ, निरागस, किंचित मौजेच्या आवाजामुळे उमटते. ली सन-क्युन यांनी ती वाक्ये जरा दुष्टपणे म्हटली असती तर सॉन्ग यांचा अपमान स्वस्त झाला असता. चित्रपटाच्या शेवटी जो सुरा उचलला जातो त्याची धार येथे लागते. आणि ती दोन नटांनी मिळून लावली आहे. पुरस्कार कोणाला द्यावा?

जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतील नटांच्या संघटनेने, म्हणजे स्क्रीन ॲक्टर्स गिल्डने, आपल्या परीने याचे उत्तर दिले होते. चित्रपटाच्या संपूर्ण नटसंचाला पुरस्कार देण्याची प्रथा या संघटनेने १९९६ पासून पाळली आहे आणि त्या वर्षी तो 'पॅरासाइट'च्या संचाला मिळाला. नटांनीच नटांना दिलेला हा पुरस्कार सांघिक असावा, हे लक्षणीय आहे. समोरच्याचे ऐकण्यात किती श्रम असतात ते त्या मतदारांना अनुभवाने माहीत होते. बर्लिन महोत्सवाने २०२१ पासून अभिनेता-अभिनेत्री हा भेद काढून टाकला, तो निर्णय स्वागतार्हच. पण 'एक व्यक्ती' हा घटक तेथेही कायम राहिला. २०२५ च्या चित्रपटांपासून ऑस्करमध्ये पात्रनिवडीसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला, हे या दिशेने पडलेले एक छोटे पाऊल मानता येईल.

'श्वास', 'अनुमती' आणि 'अस्तु'

मराठी चित्रपटाने या शतकात अभिनयाचे जे राष्ट्रीय पुरस्कार मिळविले त्यांकडे या अंगाने फारसे पाहिले गेलेले नाही. सुरुवात अर्थातच 'श्वास'पासून करावी लागते. संदीप सावंत दिग्दर्शित या चित्रपटाने २००३ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सुवर्णकमळ मिळविला. 'श्यामची आई'नंतर अर्धशतकाने हा मान मराठीकडे आला. अश्विन चितळे या बालनटाचाही राष्ट्रीय पुरस्काराने गौरव झाला. नातवाचे दोन्ही डोळे काढले तरच त्याचा जीव वाचणार, हे कळलेल्या कोकणातल्या आजोबांची भूमिका अरुण नलावडे यांनी केली. त्यांचे नाव त्या यादीत नव्हते.

येथे अन्याय झाला असे म्हणून विषय सोडून देणे सोपे आहे. अधिक उपयोगी प्रश्न असा, की मुलाचा गौरवलेला अभिनय आला कोठून? परशा हट्टी आहे, चिडका आहे, आपल्यापासून काहीतरी लपवले जात आहे हे त्याला कळते. लहान मुलाला 'लपवले जाणे' अभिनित करता येत नाही. समोरचा मोठा माणूस खरोखर काहीतरी लपवीत असावा लागतो. रुग्णालयाच्या गर्दीतून नातवाचा हात धरून चालणारे, डॉक्टरांना प्रश्न विचारू पाहणारे आणि उत्तराला भिणारे आजोबा नलावडे यांनी अतिशय आतल्या आवाजात उभे केले आहेत. डॉक्टरांचा आग्रह असा, की मुलाला शस्त्रक्रियेपूर्वी सत्य सांगितले पाहिजे. ते सांगणे आजोबांच्या ओठांपर्यंत येते आणि परत जाते. या येण्या-जाण्यावर मुलगा प्रतिक्रिया देत राहतो. गवयाच्या मागे तंबोरा धरणाऱ्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेत बारीक टाइपात असते. सूर हलला की मात्र सर्वांना कळते. नलावडे यांचे काम त्या जातीचे आहे. पुढे भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून 'श्वास' ऑस्करला गेला, तेथील प्रचारासाठी लोकांनी वर्गणी दिली. नामांकन मिळाले नाही. त्या लोकवर्गणीच्या उत्साहात चित्रपटातील अभिनयाची चर्चा मागेच राहिली, हेही नमूद केले पाहिजे.

२०१२ च्या पुरस्कारांत 'पान सिंग तोमर'साठी इरफान खान आणि 'अनुमती'साठी विक्रम गोखले यांना अभिनेत्याचा पुरस्कार विभागून मिळाला. धावणारा नायक आणि रुग्णशय्येजवळ बसून राहिलेला नायक एकाच ओळीत आले, ही परीक्षकांची गुणग्राहकताच म्हटली पाहिजे. गजेंद्र अहिरे यांच्या 'अनुमती'त शुद्धीवर नसलेल्या पत्नीचे उपचार थांबवण्यास संमती द्यावी की नाही, या पेचात सापडलेला वृद्ध नवरा गोखले यांनी रंगविला. नीना कुळकर्णी यांनी साकारलेल्या पत्नीची निश्चलता हीच तेथे सहअभिनेत्याची जागा घेते.

सर्वांत सूक्ष्म उदाहरण 'अस्तु'चे आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली. हत्ती पाहून त्याच्यामागे चालू लागलेले हे शास्त्रीबुवा माहुताच्या झोपडीत येऊन पडतात आणि माहुताची कन्नड बोलणारी बायको चन्नम्मा त्यांना सांभाळते. चन्नम्मासाठी अमृता सुभाष यांना २०१३ चा सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भूमिका लांबीने लहान आहे. पुरस्कार सर्वथा योग्य आहे. परंतु चन्नम्माचे आईपण केवळ अमृता सुभाष यांच्या कन्नड उच्चारांत वा अंगवळणी पडलेल्या हालचालींत शोधले तर हाती अर्धेच लागेल. आयुष्यभर शब्दांवर जगलेला एक माणूस शब्द गमावून बसतो आणि अनोळखी स्त्रीकडे लहान मुलासारखा पाहतो. आगाशे यांच्या डोळ्यांत पांडित्याचा मागमूसही उरत नाही. त्या रिकाम्या, विश्वासू नजरेला चन्नम्मा उत्तर देते. दोघांत सामाईक भाषा नाही, त्यामुळे प्रत्येक हालचाल समोरच्याला वाचावी लागते. होतकरू नटाने हे प्रसंग आवाज बंद करून एकदा पाहावेत : एकदा फक्त तिच्याकडे, दुसऱ्यांदा फक्त त्यांच्याकडे. दुसऱ्या खेपेस पुरस्कार कोणाच्या नजरेत घडला ते कळू लागते.

येथे पुरस्कारांची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. मोठ्या व्यवसायाच्या कक्षेबाहेरील चित्रपटांना आणि नटांना राष्ट्रीय पुरस्काराने प्रतिष्ठा दिली आहे. २०१२ साली 'धग'साठी उषा जाधव यांना मिळालेला अभिनेत्रीचा पुरस्कार हे त्याचे ठळक उदाहरण होय. मध्यमवर्गीय घरातील मुलीला नाटक करण्याची परवानगी अनेकदा एखाद्या प्रमाणपत्रामुळेच मिळते, ही वस्तुस्थिती विसरून पुरस्कारांची टवाळी करणे हा सुस्थितांचा छंद ठरेल.

प्राश्निकांची परंपरा

मूल्यमापनाची अडचण नवी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातील सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीविषयी, म्हणजे यशाविषयी आहे आणि त्यात प्राश्निकांचा, आजच्या भाषेत परीक्षकांचा, विचार आलेला आहे. हे प्राश्निक निरनिराळ्या क्षेत्रांतील जाणकार असावेत अशी तेथे अपेक्षा आहे. त्यांत यज्ञविद्या जाणणारा आहे, वैयाकरण आहे, नर्तक आहे, धनुर्धर आहे, चित्रकार आहे, गणिकाही आहे. ज्याने त्याने आपल्या क्षेत्राचे तेवढे पाहावे. विजेत्यास पताका देण्याचाही उल्लेख येतो. म्हणजे स्पर्धा आणि बक्षीस भरतालाही वर्ज्य नव्हते.

त्याहून महत्त्वाचा भेद मानुषी आणि दैवी सिद्धीचा आहे. प्रेक्षक हसतात, 'साधु' म्हणतात, उठून उभे राहतात, वस्त्रे-अंगठ्या देतात, ही मानुषी सिद्धी. प्रेक्षागृह भरलेले आहे आणि तरीही आवाज नाही, क्षोभ नाही, ही दैवी सिद्धी. आजच्या समारंभातील उभे राहून केलेला टाळ्यांचा गजर पहिल्या प्रकारात बसतो. दुसऱ्या प्रकारासाठी कोणताही विभाग अद्याप निघालेला नाही. आणि निघाला तर त्यावर नाव कोणाचे घालावे, हा पेच पुन्हा उभा राहील, कारण शांतता प्रेक्षकांनी धरलेली असते.

'कोर्ट' : तुकडा कोठे कापावा?

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१४ साली व्हेनिस महोत्सवात दोन पुरस्कार मिळाले आणि त्या वर्षीचा राष्ट्रीय सुवर्णकमळही मिळाला. त्याच राष्ट्रीय पुरस्कारांत अभिनयाचे चार प्रमुख मानकरी होते संचारी विजय, कंगना राणावत, बॉबी सिम्हा आणि बलजिंदर कौर. 'कोर्ट'मधील कोणीही नाही. 'पॅरासाइट'च्या पाच वर्षे आधी मुंबईच्या एका कनिष्ठ न्यायालयात तेच घडले होते.

गीतांजली कुलकर्णी यांनी केलेली सरकारी वकील बाई कायद्याची कलमे बाजारहाटाच्या यादीसारखी एका सुरात वाचते. लोकगायकाला तुरुंगात ठेवण्याची मागणी ती द्वेषाने करीत नाही; दिवसाचे काम म्हणून करते आणि मग लोकलमध्ये साड्यांवर गप्पा मारीत घरी जाते. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या या नटीने आपले शिक्षण पूर्णपणे झाकून ठेवले आहे. वीरा साथीदार हे मूळचे चळवळीतले कार्यकर्ते. त्यांच्या नारायण कांबळेच्या चेहऱ्यावर हा सगळा प्रकार पूर्वी पाहिलेल्या माणसाचा थकवा आहे. साथीदार २०२१ मध्ये करोनाने गेले. प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित नट एकाच चौकटीत असे शेजारी बसलेले मराठीत क्वचितच दिसतात.

गटारात उतरून मेलेल्या कामगाराची विधवा साक्षीला येते तो प्रसंग अभिनयाच्या विद्यार्थ्याने सावकाश पाहावा. उषा बाणे यांनी ती भूमिका केली आहे. कॅमेरा दूर आणि स्थिर आहे. ती नवऱ्याबद्दल सांगते : तो आत खडा टाकून पाही, झुरळ बाहेर आले तर उतरे, वास सोसवावा म्हणून दारू पिई. आवाजात कंप नाही, डोळ्यांत पाणी नाही. बचावाचा वकील अडखळत्या मराठीत पुढचा प्रश्न विचारतो, न्यायाधीश तिचे उत्तर लेखनिकाला कायद्याच्या भाषेत सांगतात आणि ती त्या भाषांतराकडे परक्यासारखी पाहत उभी राहते. विवेक गोम्बर यांचे अवघडलेपण, प्रदीप जोशी यांचा कामकाजी कोरडेपणा आणि बाणे यांचे उभे राहणे यांतून एकही काढून घेतले तर प्रसंग उरत नाही. निवडचाचणीसाठी यातला एखादा तुकडा तयार करावा असे ठरवून एखादा होतकरू नट बसला, तर तिच्या उत्तरापासून सुरुवात करावी की त्याआधीच्या प्रश्नापासून, न्यायाधीशांची नोंद ठेवावी की गाळावी, हेच त्याला ठरवता येणार नाही. आणि शेवटी समोर बसून प्रश्न विचारायला त्याला कोणीतरी दुसरा नट शोधून आणावा लागेल.